राखणदाराची मोरी

त्या बागेत आता तिकीट काढून जावं लागतं. परवा नातीला घेऊन गेले, तर दारावरच्या मुलीनं माझ्या मनगटाला कागदाची पट्टी बांधली आणि वर "आजी, पायऱ्या सांभाळून हां" असं बजावलं. त्या पायऱ्या मी झोपेतसुद्धा चढले असते. माझा जन्म तिथला, लग्न होऊन बाहेर पडेपर्यंत मी तिथंच वाढले. पाहुणी म्हणून पट्टी बांधून घेताना राग यायला हवा होता, पण माझं सगळं लक्ष वरच्या टप्प्याखालच्या भिंतीच्या कोपऱ्याकडं होतं. माहिती सांगणारी पोरगी तिथं थांबली आणि म्हणाली, इथं पूर्वी गावातल्या बायका नागाची पूजा करायच्या, मग ती प्रथा बंद पडली. नातीनं विचारलं, "का बंद पडली गं आजी?" मी म्हटलं, मला माहीत नाही. आयुष्यात हे वाक्य माझ्या तोंडून फार थोड्या वेळा आलंय. घरी येऊन दोन दिवस जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

चौलच्या डोंगराच्या उतारावर, रेवदंड्याच्या खाडीकडं तोंड करून ती बाग आहे. मुंबईच्या एका व्यापारी घराण्यातल्या कुणा पणजोबांची गलबतं झांजिबार-सिंगापूरपर्यंत जात. माल आणून रिकामी जागा उरली की ते रोपं आणत आणि पुतळे आणत. गोरखचिंच, कैलासपती, लाल झुंबरांसारख्या फुलांची उर्वशी, पंख्यासारखी पसरलेली परदेशी केळ, आणि वरच्या टप्प्यावर रबराचं एक झाड, ज्याची मुळं जमिनीवर पडून पुन्हा जमिनीत शिरत. झाडांमध्ये संगमरवरी माणसं उभी. बागेतल्या माळ्यांनी त्यांना आपापली नावं दिली होती. एक बिनडोक्याचा, एक पोट धरून बसलेला, आणि वरच्या टप्प्याच्या अगदी कडेला उभी असलेली हातदावी. हातदावीचा उजवा हात पुढं केलेला आणि एक बोट समुद्राकडं. तिच्या पायाशी उभं राहून त्या बोटावरून बघितलं की नेम बरोबर रेवदंड्याच्या किल्ल्यातल्या बुरुजावर बसे. बागेचे मालक म्हणजे शेट. त्यांचे पाहुणे आले की त्यांना बाग दाखवायचं काम माझ्याकडं असे, कारण आप्पा, म्हणजे माझे वडील, बागेचे मुख्य माळी होते आणि त्यांना चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटे. मला मात्र बोलायला कुणी सांगावं लागत नसे. आत्या म्हणायची, "हिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय." खरं होतं ते. आमच्या घरात सकाळी काय शिजलं हे दुपारपर्यंत चौलच्या नाक्यावर कळत असे, आणि ते माझ्यामुळंच.

आमचं घर म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरच्या दोन खोल्या, वर कौलं. घराच्या पाठीमागं वरच्या टप्प्याची माती अडवणारी दगडी भिंत, दोन पुरुष उंच, आणि तिच्या माथ्यावर हातदावी. घर आणि भिंत यांच्यात एक बोळ होता. त्यात आय सरपण रचायची, आणि त्याच बोळातून कडेवर हंडा घेऊन झऱ्यावर जायची. भिंतीच्या पोटात पाणी निघून जायला अकरा मोऱ्या होत्या, हात जाईल एवढ्या. पाऊस लागला की मोऱ्या वाहू लागत. आप्पा अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून सांगायचे की तिसरीत पाला अडकलाय. दर वैशाखात ते लांब बांबूला लोखंडी आकडा बांधून एकेक मोरी साफ करत. आतून मुळांचे झुपके निघत, केसांच्या गुंत्यासारखे. दहाच मोऱ्या साफ होत. अकरावी, कोपऱ्यातली, राखणदाराची. तिच्यात नाग राहायचा. सगळ्यांनी त्याला केव्हा ना केव्हा पाहिलेला, मीसुद्धा दोनदा, आणि त्यानं आमचं कधी काही वाईट केलं नव्हतं. मोरीच्या वर एका दगडाला शेंदूर लावलेला होता. जाता-येता त्याला हात जोडायचे आणि त्या मोरीत काठी, बांबू, हात काही घालायचं नाही, एवढा एकच नियम आप्पांनी मला लहानपणी घालून दिला होता. बाकी झाडावर चढ, पुतळ्याच्या खांद्यावर बस, काही म्हणत नसत.

घरात आप्पा, आय, आत्या आणि मी. आत्या आप्पांची थोरली बहीण, तरुणपणी नवरा गेलेली, देवाधर्माचं सगळं तिच्याकडं. आय बोलायला कमी, हाताला चव फार. वालाचं बिरडं करायची तर सोललेले वाल असे शिजायचे की एकही फुटलेला नसायचा आणि एकही कच्चा नाही. आप्पा जेवताना बोलत नसत, पण बिरडं असलं की दुसरी भाकरी स्वतः मागून घ्यायचे. आयसाठी तेवढं पुरे होतं. ती चुलीपुढून वळून बघायची आणि पुन्हा चुलीकडं तोंड करायची. मी आज इतकी वर्षं संसार करून सांगते, माझ्या वाट्याला एवढंही कधी आलं नाही.

त्या वर्षी आषाढात कोपऱ्यातली मोरी गप्प झाली. दहा मोऱ्या धो धो वाहत होत्या आणि अकरावीतून थेंबही येत नव्हता. मग आयचा हंडा भिंतीला घासायला लागला. ज्या बोळातून ती कडेवर हंडा घेऊन सरळ जायची, तिथून तिला कोपऱ्याशी आडवं व्हावं लागे. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण जाड झालो. मी हसले. आठवडाभरानं मी मधून जायला लागले तर माझाही खांदा घासला, आणि मी तर काडीसारखी होते. भिंतीला पोट आलं होतं. दगडांच्या सांध्यांतून माती पाझरत होती, चहाच्या रंगाची. आप्पांनी तळहात भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभे राहिले. मग आंब्याचे दोन जाड टेकू आणून लावले.

आय म्हणाली, "मोरी उघडा आता. रबराची मुळं शिरली असतील आत."

"राखणदाराची हाय ती."

"म्हायती हाय कुणाची हाय. भिंत आपल्या अंगावर येल त्याचं काय?"

आप्पा तसे अडाणी नव्हते, धोका त्यांनाही दिसत होता. ते गुरवाकडं गेले आणि देवाला कौल लावला. आमच्याकडं मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. डावी पडली. चार दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा लावायचा तर नागपंचमी मध्ये आली. पंचमीला जमिनीत नांगर घालायचा नाही, कुदळ घालायची नाही, विळीवर भाजीसुद्धा चिरायची नाही. पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावू, असं आप्पा म्हणाले. पण त्या पंचमीलाच दुपारी गावातल्या बायका पूजेला यायच्या. दरवर्षी यायच्या. वीस-पंचवीस बायका, कडेवर पोरं, त्या अरुंद बोळात मोरीसमोर दाटीनं उभ्या राहायच्या. आयनं पंचमीच्या आदल्या दिवशी तेवढंच विचारलं, "बायका कुठं उभ्या ऱ्हातील?" आप्पांनी तिसरा टेकू लावला.

पंचमीच्या सकाळी पाऊस थोडा ओसरला. घरात हळदीच्या पानांचा वास भरला होता. आत्या पातोळ्या उकडत होती, आय नारळ खवत होती. आप्पा लाह्या आणि नारळ आणायला गावात गेले होते. तेवढ्यात शेटचे दोन पाहुणे आले, एक गृहस्थ आणि त्यांची बायको, आणि मला बाग दाखवायला जावं लागलं. मी नेहमीसारखं बोलत बोलत त्यांना वर नेलं. उर्वशीखाली बाई रमल्या. हातदावीपाशी आले आणि सवयीनं त्या गृहस्थांना म्हटलं, इथं उभे राहा आणि बोटावरून बघा, बुरूज दिसेल.

ते वाकून बघत म्हणाले, "बुरूज कुठे? मला तर पाणी दिसतंय."

मी बघितलं. बोट बुरुजाच्या खूप खाली आलं होतं, खाडीच्या चिखलावर. हातदावी पुढं वाकली होती. तिच्या चौथऱ्याच्या मागं, रबराच्या मुळांशी, जमिनीला भेग होती आणि माझं पाऊल आडवं जाईल एवढी ती रुंद होती.

गृहस्थ हसले. "पडेल हो ही बाई एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर," ते बायकोला म्हणाले आणि पुढं गेले.

मला त्यांचं हसणं आजही ऐकू येतं. वाईट माणूस नव्हता, परका होता एवढंच. त्याला खाली कुणाचं घर आहे ते ठाऊक नव्हतं. दुपार होत आली होती. मी त्यांना खालच्या पायऱ्यांपर्यंत सोडलं, काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही, आणि अवजारांच्या खोलीतून पहार घेतली. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारही केला असं म्हणता येणार नाही. भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा राग जास्त आला होता, कौलाचा, टेकूंचा, सगळ्यांच्या गप्प बसण्याचा. बोळात शिरले, शेंदराच्या दगडाला हात जोडले, आणि मोरीच्या तोंडात पहार मारली.

पहिल्या घावाला पहार चिखलात रुतली. दुसऱ्याला मुळांत अडकली, ओढून काढताना मी पाठीवर पडले. तिसऱ्याला आत काहीतरी मऊ लागलं. मग आतून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि मोरीनं पाणी ओकलं. तपकिरी, थंड, कुजलेल्या पाल्याच्या वासाचं पाणी. पांढऱ्या मुळांचे पेंढेच्या पेंढे, दगडगोटे, आणि त्यांच्याबरोबर राखणदार. मानेखाली पहारीचा घाव. तो माझ्या पायांवरून वाहून पुढं गेला आणि सरपणाला अडकला. पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत चढलं होतं आणि येतच होतं. मी पहार धरून तिथंच उभी राहिले.

आय नारळाचा हात तसाच घेऊन बोळाच्या तोंडाशी आली. तिनं पाणी बघितलं, नाग बघितला. मला वाटलं ती मारणार. ती पाण्यातून आली, माझ्या हातातली पहार काढून घेतली आणि म्हणाली, "आत जा. लुगडं बदल. तू पाहुण्यांबरोबर व्हतीस."

"आय, मी..."

"तू पाहुण्यांबरोबर व्हतीस. आता ही गोष्ट तोंडातनं काढशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी मागच्या दारानं आत गेले. पुढच्या दारानं बायका ताटं घेऊन येत होत्या. त्यांना बोळात गुडघाभर पाण्यात माझी आय उभी दिसली, हातात पहार आणि समोर राखणदार. त्या एकेक करून मागं सरल्या. आत्या चुलीपाशी खाली बसली ती उठेना. थोड्या वेळानं आप्पा आले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून नागावर घातला, उचलून बाहेर नेला, आणि आयकडं बघितलं नाही. पातोळ्या तशाच राहिल्या. संध्याकाळी गाईला घातल्या.

नागाला माणसासारखा अग्नी दिला, चंदनाचं खोड घालून. गुरवानं आणि गावातल्या जाणत्यांनी बसून ठरवलं की सव्वा वर्ष आप्पांनी आयच्या हातचं खायचं नाही आणि तिनं देवाला शिवायचं नाही. नाहीतर बागेतले माळी आप्पांबरोबर कुदळीला हात लावणार नव्हते. आणि भिंत पडली नाही. हेच आयचं नशीब. मोरी वाहत राहिली, आठ दिवसांत पोट जरा बसलं, पुढं उन्हाळ्यात आप्पांनी ती भिंत कोपऱ्यापासून नवी बांधून घेतली. पडली असती तर आय खरी ठरली असती. न पडलेल्या भिंतीची साक्ष कोण काढणार? गावात कुणाला ताप आला, कुणाची म्हैस आटली, रेवदंड्याची होडी चार दिवस परत आली नाही, की लोक आमच्या घराकडं बघायचे. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. झऱ्यावर ती गेली की बाकीच्या बायका हंडे उचलून बाजूला होत. पूजेला त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मला सारखं वाटायचं, आता काहीतरी होणार. पावसाचा आवाज वाढला की मी मोऱ्या मोजायची. अकरा भरल्या तरी झोप यायची नाही.

आप्पांचं जेवण आत्या करायची. एकाच चुलीवर नाही चालायचं म्हणून तिनं पडवीत दुसरी चूल मांडली. आय आमचं दोघींचं करायची. आत्याच्या हाताला चव नव्हती, ती बिचारी स्वतः कबूल करायची. एके दिवशी आयनं बिरडं केलं. सगळ्या घरात वास. आप्पा तिकडं पाठ करून आत्याची आमटी ओरपत होते. आय चुलीपुढून वळून बघत राहिली. मी रडले, तर तिनं माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली. सव्वा वर्ष संपलं, पण ताट काही तिच्याकडं परत आलं नाही. सवय झाली होती, किंवा मला तेव्हा तसं वाटलं. आत्या मरेपर्यंत आप्पा आत्याच्याच हातचं जेवले. त्यानंतर आय दोनच वर्षं होती.

मला बोर्ली पंचतनला दिली. सासरी मी तशीच बडबडी राहिले, जगातलं सगळं बोलले, ही एक गोष्ट सोडून. आय गेल्यावर शपथेचा प्रश्न उरला नव्हता. तरी धीर झाला नाही. म्हातारपणी आप्पा माझ्याकडं राहायला आले. नजर गेली होती, कान शाबूत. एका सकाळी मी त्यांना पेजेची वाटी हातात दिली आणि समोर बसून म्हटलं, "आप्पा, ती पहार मी मारली होती. आयनं न्हाय."

त्यांनी एक घोट घेतला. "ठाव हाय," म्हणाले.

"आयनं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगायला पायजे. मी वरच्या वाटेनं आलो गावातनं. हातदावीच्या मागं उभा व्हतो. तू पयला घाव घातलास तवाधरनं बघत व्हतो."

मी पुढं सरकले. "मग हाक का न्हाय मारलीत?"

"मोरी उघडाय पायजे व्हती, बाय. बायका यायच्या आत. माझा हात उचलत नव्हता."

मी चौदा वर्षांची होते. त्यांचा हात उचलत नव्हता म्हणून त्यांनी माझा उचलू दिला. मी विचारलं, आयला हे कधी कळलं का.

"तिनं वर बघितलं तवाच. आमची नजरानजर झाली. मग तिनं तुझ्या हातातली पहार घेतली."

इतकी वर्षं मी समजत होते की आयनं आप्पांना फसवलं, माझ्यासाठी. मला त्याचा अभिमानसुद्धा होता. दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि तरी त्या घरात दोन चुली पेटत राहिल्या. मला संताप आला, म्हाताऱ्या माणसावर येऊ नये एवढा. "मग घरात तरी जेवायचं होतंत तिच्या हातचं," मी म्हटलं. "दार लावून. एक दिवस. कोण बघायला येणार होतं?"

आप्पांनी वाटी चाचपडत खाली ठेवली. बोटं तिच्या कडेवरून फिरवली.

"तू व्हतीस ना घरात," ते म्हणाले. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता."

पेज निवत होती. मी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या दुपारी त्यांना माझ्या सुनेनं वाढलं.